अंधारातल्या महिन्याचं बिल

२०२० च्या जुलैत आमच्या श्रीवर्धन तालुक्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, "लाईटच नव्हती, तर एवढं बिल आलं कशाचं?" ३ जूनला निसर्ग वादळ इथेच किनाऱ्याला लागलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून शेतात पडले, तारा रस्त्यावर लोळत राहिल्या. कित्येक वाड्यांना वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. आणि ती येते न येते तोच तीन महिन्यांचं एकत्र बिल दारात हजर.

शेजारचे काका बिलाचा कागद नाचवत आमच्या ओटीवर आले. "हे बघ, अंधाराचे पैसे लावलेत!" मी त्यांना बसवलं आणि दोघांची बिलं शेजारी शेजारी ठेवून पेन्सिल घेतली. पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्याकडे बघायचंच नाही, असं ठरवलं. बघायचं ते चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि ती कोणत्या तारखांची आहेत ते.

घोळ तिथेच सुटला. लॉकडाऊनमुळे मार्चअखेरीपासून रीडिंग घ्यायला कोणी आलंच नव्हतं. एप्रिल-मेची बिलं सरासरीवर निघाली, आणि सरासरी होती हिवाळ्याची, म्हणजे पंखे बंद असतानाची. प्रत्यक्षात त्या उन्हाळ्यात मुंबईचे चाकरमानी गावी आलेले, काकांच्या घरी माणसं दुप्पट, पंखे दिवसरात्र चालू. तो सगळा वापर मीटरमध्ये साठत होता. जूनमध्ये काका अंधारात होते हे खरं, पण बिल एकट्या जूनचं नव्हतंच.

मग स्लॅब तपासले. घरगुती दराच्या पायऱ्या आहेत १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. काकांचे तीन महिन्यांचे युनिट होते ५४०. एका महिन्याचे म्हणून धरले असते तर ४० युनिट थेट सर्वांत महागड्या पायरीवर गेले असते. तीन महिन्यांत वाटले की पहिल्या स्वस्त दरात ३०० बसतात, उरलेले २४० दुसऱ्या दरात, आणि तिसरी पायरी येतच नाही. बिलात तसंच वाटलेलं होतं, आधीच्या सरासरी बिलांची रक्कमही वजा होती. बिल बरोबर निघालं. काकांचा राग मात्र बराच वेळ गेला नाही. राग काढायला कोणी उरलं नाही की तो जास्तच धुमसतो. असं बिल कुणाच्याही घरी येऊ शकतं. घर बंद होतं, मीटर कुलपाआड होतं, रीडिंग घेणारा येऊन परत गेला, एवढं पुरतं. बिलावर सरासरीचा शेरा दिसला की त्याच दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा, आणि वितरण कंपनीच्या ॲपवर स्वतः रीडिंग पाठवण्याची सोय असेल तर ते पाठवा.

स्लॅबबद्दल एक गैरसमज आमच्याकडे शिकल्यासवरल्या माणसांतही आहे. १०० चा १०१ झाला की सगळेच युनिट महाग होतात, असं लोक समजतात. तसं नसतं. वरच्या पायरीचा दर फक्त त्या पायरीवरच्या युनिटांना लागतो. पण याची दुसरी बाजूही आहे. ३२० युनिट जळत असतील तर वाचवलेले पहिले २० युनिट तुमचे सर्वांत महागडे असतात, त्यामुळे थोड्या बचतीतही बिल डोळ्यांना दिसेल इतकं उतरतं. शिवाय दर गुणिले युनिट करून बिल कधीच जुळत नाही, कारण स्थिर आकार बंद घरालाही लागतो, वहन आकार प्रत्येक युनिटमागे असतो, इंधन समायोजन आकार कमी-जास्त होत राहतो आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. नियम दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतक्या ठेवीचा आहे, वापर वाढला की फरक मागतात. ती तुमचीच रक्कम असते आणि तिच्यावर व्याजही मिळतं.

त्या दिवशी काकांसाठी केलेला एक कागद आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. घरातली प्रत्येक वस्तू, तिचे वॅट आणि ती रोज किती तास चालते, एवढंच त्यावर आहे. १००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट. गीझर २००० वॅटचा, म्हणजे अर्ध्या तासात एक युनिट. जुना पंखा ७५ वॅटचा. दिसायला गरीब, पण तीन पंखे १५ तास फिरले की दिवसाला तीन युनिटच्या वर. यादी पटत नसेल तर घरातलं सगळं बंद करून मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा बघावा. मीटरवर ३२०० इम्पल्स असं काही छापलेलं असतं, म्हणजे तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद असूनही तो लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज गळते आहे, वायरमनला बोलवा.

हीच यादी वादळानंतर इन्व्हर्टर घेताना उपयोगी पडली. त्या पावसाळ्यात जो तो इन्व्हर्टर घ्यायला धावत होता आणि दुकानदार विचारत होते, "बजेट किती?" विचारायला हवं होतं, किती वॅट आणि किती तास. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. इन्व्हर्टर खातो ते आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते ते सोडलं तर हातात साधारण ११००-१२०० उरतात. तीन जुने पंखे, पाच एलईडी दिवे आणि राउटर म्हणजे २८० वॅट. चार तासांत खेळ खलास. दुकानदार दुसरी बॅटरी गळ्यात मारायला बघतो. त्याऐवजी आम्ही पंखे बदलले. ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावल्यावर तोच भार १४५ वर आला आणि त्याच बॅटरीत आठ तास निघू लागले. शिवाय महिन्याला साठेक युनिट वाचले, तेही वरच्या पायरीचे. बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, विहिरीचं कितीही गोड असलं तरी नाही.

पण वीज आठवडाभर गेली तर इन्व्हर्टर म्हणजे कोपऱ्यातलं ओझं. बॅटरी चार्ज कशावर करणार? निसर्गनंतर खरी आणीबाणी दिव्यांची नव्हती, पाण्याची होती. एक अश्वशक्तीचा पंप घरगुती इन्व्हर्टर ओढत नाही. ज्यांनी विहिरीवरचा रहाट काढून टाकला नव्हता त्यांच्या दारी पोहरे भरायला रांग लागली. इशारा आला की मेणबत्त्यांच्या आधी टाक्या भरा. मोबाइल चार्ज करा, पण टॉवरही झोपतात हे धरून चाला. घरात इन्सुलिन असेल तर मातीचं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवा.

जनरेटरबद्दल मी वाडीत भांडणं ओढवून घेतली आहेत. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसणारे महाभाग असतात. ती वीज मीटरमधून उलटी खांबावर चढते, ट्रान्सफॉर्मरमधून गेली की हजारो व्होल्टची होते, आणि पलीकडे लाईन बंद आहे असं समजून वर चढलेला लाईनमन असतो. चेंजओव्हर स्विच बसवा, नाहीतर जनरेटरवरून वेगळी वायर थेट पंपाला द्या.

वीज परत येते ती घटकाही धोक्याची. आमच्या खालच्या आळीत लाईट आल्याबरोबर दिवे नेहमीपेक्षा लख्ख पेटले, पंखे घोंघावू लागले, आणि दोन घरं सोडून पुढे दिवे निखाऱ्यासारखे मंद. लोक टाळ्या वाजवत होते. न्यूट्रलची तार तुटलेली असली की असं होतं. काही घरांना ३००-४०० व्होल्ट जातात. काही मिनिटांत टीव्ही आणि फ्रिज जळाल्याचा वास आला. म्हणून वीज गेली की मेन स्विच पाडून ठेवायचा, आल्यावर आधी एकच दिवा लावून बघायचा, मग बाकीचं. दिवा डोळे दिपवत असेल तर मेन पुन्हा खाली आणि फोन १९१२ ला.

आता वाडीत सोलरचं वारं आहे. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, बिल खरोखर उतरतं, आणि माझा त्याला विरोध नाही. पण वादळाच्या भीतीने बसवणाऱ्यांनी एक समजून घ्यावं. बिनबॅटरीचं ऑन-ग्रिड सोलर, भर दुपारच्या उन्हातसुद्धा, खांबावरची वीज गेली की स्वतःच बंद पडतं. मुद्दाम तसं केलेलं आहे, वर सांगितलेल्या लाईनमनसाठीच. बॅटरीसह हायब्रिड घ्यायचं तर खर्च बराच चढतो. म्हणून सही करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा, "लाईट गेल्यावर दिवसा माझा पंखा फिरेल का?" आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.