जीपची शॅकल पिन : वरून कडक, आतून चिवट

आयर्न-कार्बन डायग्राम आपण कशासाठी काढतो? पाच मार्कांसाठी, हे प्रामाणिक उत्तर. दुसरं उत्तर मला गेल्या सुट्टीत मामाच्या जुन्या जीपखाली आडवं पडल्यावर मिळालं, म्हणून हा लेख.

जीप विलीजच्या धाटणीची, पुढे-मागे कमानपाटे, म्हणजे आपले लीफ स्प्रिंग. पाट्याचं एक टोक चॅसीला पिनने घट्ट जोडलेलं, दुसरं शॅकलमध्ये लटकलेलं. चाक उचललं की पाटा सरळ होतो, त्याची लांबी वाढते आणि शॅकल झुलते. या झुलण्यात पिन गनमेटलच्या बुशमध्ये थोडीशी फिरते, पूर्ण फेरा कधीच मारत नाही. त्यामुळे बेअरिंगसारखा तेलाचा थर तिथे तयार होत नाही, आणि भारही कायम एकाच बाजूला. परिणामी पिन एका बाजूने झिजते. मामाच्या पिनांना हाताला लागेल एवढी खाच पडली होती. त्या मापाच्या पिना बाजारात मिळेनात, आणि मामा दर आठवड्याला आंबा घाट उतरणार. चॅसीकडची पिन तुटली तर त्या बाजूचा अ‍ॅक्सल मागे सरकतो आणि गाडी स्टिअरिंगला न विचारता वळते. घाटात ते परवडणारं नाही.

पिना घरी करायच्या ठरल्यावर पहिला प्रश्न, स्टील कुठलं? इथे बहुतेक जण म्हणतात, ‘सर्वांत मजबूत असेल ते.’ आधी गणित करू. माणसांसकट गाडी १५०० किलो धरली. चार पाटे, प्रत्येकाची दोन टोकं, म्हणजे एका पिनेवर साधारण १८७ किलो. खड्ड्याचा दणका म्हणून तिप्पट करा : सुमारे ५.५ किलोन्यूटन. पिन १४ मिमीची आणि डबल शिअरमध्ये, म्हणजे शिअर स्ट्रेस १८ मेगापास्कलच्या आसपास. शॅकलच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर ५० मिमी धरून बेंडिंग काढलं तर १३० च्या आत-बाहेर. साध्या माइल्ड स्टीलची यील्डच २५० असते! म्हणजे ताकदीच्या हिशेबाने कुठलंही स्टील चालेल. खरा शत्रू झीज, आणि दुसरा शत्रू दणक्याने जाणारा तडा. (जाता जाता : कडक केल्याने पिन ‘कमी वाकते’ हा समज चुकीचा. यंग्ज मॉड्युलस सगळ्या स्टीलचा जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या घरात. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो.)

झिजेला कडकपणा हवा, दणक्याला चिवटपणा. दोन्ही एकाच स्टीलकडून एकसारखे मागितले की घोटाळा होतो. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्के. लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं खरं, पण टेंपर न करता बसवलं तर हातोडीच्या एका घावात तुटू शकतं. ईएन ३१ हे बेअरिंगचं स्टील, कार्बन १ टक्का. आरपार ६० रॉकवेलपर्यंत जातं आणि दणक्याला काचेसारखं वागतं. ईएन २४ उत्तम चिवट, पण बाजारात मिळतं त्या अवस्थेत ३० रॉकवेलच्या आसपास. धूळ-चिखल बुशमध्ये शिरला की त्याला खाच पडणारच. भंगारातला शाफ्ट कापून पिन करणारेही भेटतात. तो कुठल्या स्टीलचा हे माहीत नसेल तर हीट ट्रीटमेंट म्हणजे लॉटरी.

आमच्या वर्कशॉपचे मिस्त्रीकाका एका वाक्यात बोलून गेले, “पोरांनो, पिन वरनं दगड आणि आतनं वेत पाहिजे.” पुस्तकात यालाच केस हार्डनिंग म्हणतात. त्यासाठी कमी कार्बनचं स्टील घ्यायचं आणि फक्त कातडीत कार्बन भरायचा. साधं ईएन ३२ चालतं, पण ते पाण्यात विझवावं लागतं आणि पिन वाकण्याचा धोका असतो. आम्ही ईएन ३६ घेतलं. त्यात निकेल तीन टक्क्यांवर, त्यामुळे गाभा चिवट आणि विझवणं तेलात.

लेथवर पिन टर्न केली, ग्राइंडिंगसाठी व्यासात ०.३ मिमी जास्त ठेवून. ग्रीसची भोकं आधीच पाडली, नंतर ड्रिल लागत नाही. आट्यांच्या टोकाला मात्र व्यास ३ मिमी जास्त ठेवला, आटे पाडले नाहीत. आटे कडक झाले तर तडा तिथूनच सुरू होतो.

मग लोखंडी डबा. त्यात बारीक कोळसा आणि दहा टक्के कोरडा धुण्याचा सोडा भरला, पिना एकमेकींना टेकणार नाहीत अशा पुरल्या, झाकण फायरक्लेने लिंपलं. कार्बन कोळशाच्या स्पर्शाने जात नाही. डब्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो पृष्ठभागावर कार्बन सोडतो. हा वायू विषारी, तेव्हा भट्टी हवेशीर जागीच हवी. थराची खोली वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ९०० अंशांना हॅरिसच्या सूत्राने मिलिमीटरमध्ये ०.५३ गुणिले तासांचं वर्गमूळ. चार तासांना साधारण १ मिमी. दोन मिमी हवा असेल तर आठ नाही, चौदा तास! डबा आतपर्यंत तापल्यावरच घड्याळ लावायचं.

डबा भट्टीतच थंड केला, पिना ६५० अंशांना ठेवून मऊ केल्या आणि आट्यांच्या टोकाची जास्तीची कातडी टर्न करून काढली. कार्बन गेला त्या टरफलाबरोबर. आटे मूळच्या स्टीलमध्ये पाडले. त्यानंतर ८६० अंशांवरून तेलात, गाभ्याचे कण बारीक करायला, आणि पुन्हा ७७० वरून तेलात, कातडी कडक करायला. पिन उभी बुडवायची. आडवी टाकली तर केळ्यासारखी वाकते. लगेच १८० अंशांना दोन तास टेंपरिंग. हे टाळून चालत नाही, कारण विझवलेली कातडी आतल्या ताणाने नुसती पडूनही तडकू शकते.

एक पिन जास्तीची केली होती, तोडण्यासाठीच. व्हाइसमध्ये धरून खाच पाडली आणि घणाने तोडली. कडेने राखाडी, रेशमी कड, आत तंतूसारखा गाभा. तो गाभा तुटण्याआधी चांगलाच वाकला. कातडी ६० रॉकवेल, गाभा ३५ च्या आसपास. नवी कानस कातडीवरून नुसती घसरत होती, आट्यांवर मात्र चावत होती.

शेवटचं ग्राइंडिंग हलक्या कटने आणि भरपूर कूलंटने, नाहीतर कातडी जळून बारीक तडे जातात. नवे बुश पिनेच्या मापाने रीम केले. आता झिजेल तो बुश. तो दाबून काढायला नि बसवायला अर्धा तास लागतो.