अनुदान शिवाराला नव्हे, सातबाऱ्यावरच्या नावाला



उसाचे बिल थकले की आपण चिटबॉयपासून शेतकी ऑफिसपर्यंत सगळ्यांना जाब विचारतो. सरकारी अनुदान अडले की मात्र ‘नशिबात नाही’ म्हणून गप्प बसतो. यात नशीब कुठले? पुष्कळदा अडचण आपल्याच कागदात असते.

केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये पी. एम. किसान योजना सुरू केली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी योजनेतून तेवढीच जोड दिली. पण हा पैसा जमीन कोण कसतो ते बघत नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघतो.

समजा, वडील वारले. दोघे भाऊ शेत कसतात, कारखान्याला ऊस घालतात. सातबारा मात्र वडिलांच्याच नावावर. ‘बघू की दिवाळी झाल्यावर’ म्हणता म्हणता पाच वर्षे जातात. शेत हिरवेगार, पण सरकारदप्तरी त्या घरात शेतकरीच नाही! हप्ता तर नाहीच, ठिबकचा अर्जही अडतो. ठिबकला राज्याची जोड धरून अल्पभूधारकास मंजूर खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, इतरांना ७५. एवढी रक्कम आळसापायी घालवायची का? आणि वडिलांच्या खात्यावर हप्ते येत राहिले तर त्यात आनंद मानू नका. ते परत भरावे लागतात.

तेव्हा चार कामे करू या.

१) वारस नोंद : जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यायची असते. उशीर झाला असला तरी आता द्या. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी व प्रतिज्ञापत्र जोडा. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला की नाव लागले. आई व बहिणींची नावे गाळू नका. तो त्यांचा हक्क आहे, आणि पुढची भांडणे तिथूनच सुरू होतात. पी. एम. किसानसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर हवी. पण मालकाच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला ही अट नाही.

२) नाव एकच : सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून वाचा. एकीकडे ‘बाळू’ आणि दुसरीकडे ‘बाळासाहेब’ असेल तर संगणकाला ती दोन माणसे वाटतात.

३) खाते कोणते : आधारवरून येणारा पैसा शेवटी ज्या बँकेशी आधार जोडला तिथे जातो. हप्ता दिसला नाही तर दुसरे पासबुकही भरून आणा.

४) ओळख क्रमांक : १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो काढा. पी. एम. किसानची ई-केवायसीही उरकून घ्या.

जाता जाता एक. घरातील सभासद वारले असतील तर कारखान्याचा शेअर आणि ऊसनोंद यांवरील नावही याच फेरीत बदलून घ्या.

लावणीआधी आपण सरीतले तण काढतो ना? कागदातलेही तसेच काढावे लागते. पुढच्या गटसभेला येताना हे चार कागद पिशवीत घालून आणा. एकत्र बसून तपासू.