आठ टक्क्यांचं समाधान

चि. सोनू हीस,


वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तुझ्या प्रबंधात ८ टक्केच साम्य दाखवलं, म्हणून तू निर्धास्त आहेस. नियमाने तू सुटलीसच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. ४०च्या वर वर्षभर प्रबंध देता येत नाही, ६०च्या वर नोंदणीच रद्द. पण यंत्र फक्त शब्द जुळवून पाहतं. वाचन कुणी केलं, हे त्याला कळत नाही.

जर्मनीतल्या दोन मंत्र्यांची उदाहरणं बघ, दोघांचीही पदं प्रबंधांपायी गेली. संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांचं प्रकरण सरळ होतं. त्यांच्या प्रबंधाची सुरुवातच वृत्तपत्रातल्या एका लेखातून उचललेली! बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली आणि १ मार्च २०११ रोजी त्यांनी राजीनामा दिला. शिक्षणमंत्री आनेटे शावान यांनी तेव्हा या प्रकाराची लाज वाटत असल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं.

पुढे त्यांचाच १९८०चा प्रबंध तपासला गेला. विषय होता सदसद्विवेकबुद्धी. (हसू नकोस.) त्यांच्यावरचा आक्षेप बारीक आणि म्हणूनच तुझ्या कामाचा आहे. मूळ ग्रंथ वाचून लिहिल्यासारखं दाखवायचं, प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या अभ्यासकाने काढलेलं सार शब्द इकडचे तिकडे करून मांडायचं, असं बऱ्याच ठिकाणी आढळलं. शावान यांनी आरोप नाकारला. फेब्रुवारी २०१३मध्ये ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने पदवी रद्द केली, मंत्रिपदही गेलं. पदवीसाठी त्या कोर्टात गेल्या, तिथेही हरल्या.

तेहतीस वर्षांनी जुनं उकरणं कठोरच. पण प्रबंध कुठे जातो? तुझाही ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढेल आणि कुणालाही वाचता येईल.

आता तुझं तिसरं प्रकरण. त्यात बाबासाहेबांच्या १९२३च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’चे पृष्ठक्रमांकांसह दाखले आहेत. ते पुस्तक तू वाचलंस, की दुसऱ्याच्या तळटिपांतून पानं उतरवलीस? तसं असेल तर ‘अमुक लेखकाच्या ग्रंथात उद्धृत’ असं सरळ लिही. त्यात कमीपणा नाही. आपल्या शब्दांत मांडलेल्या परिच्छेदालाही संदर्भ लागतोच, अवतरणचिन्हं तेवढी लागत नाहीत.

गाइडकडे देण्याआधी हे प्रकरण तळटिपांसकट पुन्हा तपास. मूळ पुस्तक ग्रंथालयात मिळालं नाही तर कळव, माझी प्रत पाठवतो.

तुझा,
मामा