परदेशातला मालक, गावातलं घर : होमस्टेचा हिशोब वर्गात



सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या भागात घराच्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. त्यात अलीकडे एक वेगळा प्रकार दिसतो. घराचा मालक दुबईत, लंडनला किंवा अमेरिकेत नोकरीला असतो. आई-वडील गेल्यावर गावचं कौलारू घर बंद पडतं. बंद घराला पावसाळा सोसत नाही. कौलं सरकतात, वाशांना वाळवी लागते, भिंतींना ओल येते. मग मालकाच्या मनात येतं, दोन खोल्या नीट करू, पाहुण्यांना देऊ. घरही उघडं राहील आणि खर्चही निघेल.

विचार चांगलाच आहे. पण तो अमलात आणायला काय काय लागतं, हे मुलांसोबत बसून मांडलं तर सहावी-सातवीसाठी एक सुंदर पाठ तयार होतो. शतमान आणि नफा-तोटा येतो, भूगोलातली स्थानिक वेळ येते, नागरिकशास्त्रातले हक्क येतात, मराठीतलं सूचनालेखन येतं. आणि एक प्रश्न येतो, ज्याचं उत्तर मुलांनी स्वतः शोधायचं असतं. मालक परदेशात असेल, तर पाहुण्यांचा यजमान कोण?

१. घर नक्की कोणाचं?

मुलांना हा प्रश्न विचारला की पटकन उत्तर येतं, "दुबईवाल्या काकांचं!" इथे थांबायचं आणि कागदांची ओळख करून द्यायची. गावातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते, शेतजमिनीची सातबाऱ्यावर. बऱ्याच घरांवर अजून आजोबांचं नाव असतं. म्हणजे काका, त्यांचे भाऊ, बहिणी, चुलत भावंडं हे सगळेच हिस्सेदार. २००५ च्या कायदा दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हेही इथेच सांगून टाकावं. फळ्यावर तीन पिढ्यांची वंशावळ काढली की मुलांच्या लगेच लक्षात येतं, की एकट्या काकांनी पैसे घातले तरी घर एकट्याचं होत नाही. म्हणून पहिली वीट लावण्याआधी सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती हवी.

मालक परदेशी राहतो म्हणून आणखी काही गोष्टी जोडल्या जातात. त्या सोप्या शब्दांत अशा सांगता येतील :

- अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. त्यामुळे "शेजारची शेतजमीन घेऊन घर वाढवू" हा बेत आधीच तपासून बघावा लागतो.
- दर वेळी सहीसाठी विमानाने येणं शक्य नसतं. म्हणून विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करतात. ते परदेशात केलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेण्याची पद्धत आहे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं.
- भारतातल्या घराचं उत्पन्न अनिवासी भारतीयाने एनआरओ खात्यात जमा करायचं असतं, आणि त्यावरचा आयकर भारतात लागू होतो. मालक कुठेही राहत असला तरी उत्पन्न इथलं आहे.
- परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. ही जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची निवास-न्याहारी आणि होमस्टेसाठी नोंदणी योजना आहे. तिच्यात १ ते ६ खोल्या आणि जास्तीत जास्त १२ खाटा चालतात. पण मूळ अट अशी, की मालक आपल्या कुटुंबासह त्या घरात राहत असला पाहिजे. होमस्टे म्हणजे कुणाच्या तरी घरी राहणं. जिथे घरचं माणूसच नाही, ते झालं नुसतं भाड्याचं घर. त्याची नोंदणी कोणत्या प्रकारात करायची, हे ग्रामपंचायत आणि पर्यटन कार्यालयात आधी विचारून घ्यावं लागतं. ही अट मुलांना नीट समजली, की पुढचा सगळा पाठ सोपा जातो.

२. रात्री अकराचा फोन

हा भूगोलाचा भाग. समजा, डिसेंबर महिना आहे. रात्री अकरा वाजता पाण्याचा पंप बंद पडला आणि पाहुण्यांनी मालकाला फोन लावला. मालक कुठे आहे त्यानुसार तिथे किती वाजले असतील?

- दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथे रात्रीचे साडेनऊ.
- लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे. तिथे संध्याकाळचे साडेपाच.
- न्यू जर्सी हिवाळ्यात साडेदहा तास मागे. तिथे दुपारचे साडेबारा.

उन्हाळ्यात लंडन आणि न्यू जर्सीची घड्याळं एक तास पुढे करतात, दुबईची नाही. मग मे महिन्यात उत्तरं काय येतील, हे मुलांना काढू द्या.

गणित झालं की विचारायचं, "मालकाने फोन उचलला. आता तो काय करणार?" तो गावातच कुणाला तरी फोन करणार. जी व्यक्ती बॅटरी घेऊन विहिरीकडे जाणार, फ्यूज बघणार, वायरमनला बोलावणार, पाहुण्यांना घागरभर पाणी आणून देणार, तीच त्या क्षणी यजमान असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती शेजारची एखादी काकी किंवा वहिनी असते. चादरी ती धुते, सकाळी घावणे-चटणी ती करते, किल्ली तिच्याकडे असते. पाहुणे जाताना तिलाच "पुन्हा येऊ हं" म्हणतात. आता पुढचा प्रश्न, हिशोबात तिला किती जागा आहे?

३. कच्चा हिशोब

खालचे आकडे मी वर्गासाठी मानलेले आहेत. तुमच्या गावचे दर घालून ते बदला. पद्धत तीच राहील.

दोन खोल्या, प्रत्येकीचं एका रात्रीचं भाडं २,००० रुपये. मुलं उत्साहाने गुणाकार करतात : २ × ३६५ = ७३० रात्री, आणि ७३० × २,००० = १४,६०,००० रुपये. वर्गात "अबब!" होतं. मग मुलांनाच एकेक रात्र खोडायला सांगा. जून ते सप्टेंबर धुवांधार पाऊस, किनाऱ्यावर फारसं कुणी येत नाही. चतुर्थीला घर मालकाच्या कुटुंबालाच हवं. शाळा-कचेऱ्या चालू असताना सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या. उरले शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना. त्यातही दोन्ही खोल्या दर वेळी भरत नाहीत. समजा, दोन्ही खोल्यांच्या मिळून वर्षाला १२० रात्री भरल्या. म्हणजे ७३० पैकी साधारण १६ टक्के.

जमा : १२० × २,००० = २,४०,००० रुपये.

खर्च :
- बुकिंग करून देणाऱ्या संकेतस्थळाचं कमिशन, १५ टक्के : ३६,०००
- न्याहारी, साबण, धुलाई, एका रात्रीमागे ३०० प्रमाणे : ३६,०००
- वीज, पाणी, इंटरनेट, महिना ३,००० प्रमाणे : ३६,०००
- कौलं परतणं, रंग, प्लंबर, पावसाआधीची डागडुजी : ३०,०००
- घर सांभाळणाऱ्या काकींचं मानधन, महिना ८,००० प्रमाणे : ९६,०००

एकूण खर्च २,३४,०००. शिल्लक ६,००० रुपये!

आणि सुरुवातीला दोन न्हाणीघरं, गाद्या, पंखे, पाण्याची टाकी यासाठी समजा ४ लाख घातले असतील, तर ते वसूल व्हायला सहासष्ट वर्षांहून जास्त लागतील. मुलं हसतात. हसू द्यावं.

मग दुसरा हिशोब मांडायचा. मालक म्हणतो, "काकींना महिन्याचे पैसे कशाला? पाहुणे आले तर खोलीमागे रात्रीचे २०० देऊ." म्हणजे १२० × २०० = २४,०००. आता शिल्लक किती? ७८,००० रुपये. चार लाख साधारण पाच वर्षांत परत! धंदा एकदम फायद्यात आला.

आता विचारा, "हे जास्तीचे ७२,००० आले कुठून?"

पाहुणे तेवढेच, भाडं तेवढंच, कमिशन तेवढंच. मुलांना शोधायला थोडा वेळ लागतो, पण सापडतं. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलेलं माझ्या वहीत लिहून ठेवलंय, "बाई, मगे पावसात त्या काकीक काय गावतला?" पावसात तिला काहीच मिळणार नाही. काम मात्र पावसातच जास्त असतं. रोज दारं-खिडक्या उघडायच्या, गाद्यांना बुरशी येऊ द्यायची नाही, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, गळणाऱ्या कौलाखाली बादली ठेवायची. घर टिकतं ते या चार महिन्यांच्या कामावर.

४. मग धंदा करायचाच नाही का?

करायचा. फक्त फायदा कुठून काढायचा ते ठरवायचं. मुलांना सांगा, एका रात्रीच्या २,००० मधून कमिशनचे ३०० आणि न्याहारी-धुलाईचे ३०० गेले की १,४०० उरतात. वर्षाचा ठरलेला खर्च (वीज ३६,०००, डागडुजी ३०,०००, मानधन ९६,०००) होतो १,६२,०००. त्याला १,४०० ने भागलं की ११५.७ येतात. म्हणजे ११६ रात्री भरल्या की ना नफा ना तोटा, आणि त्यापुढची प्रत्येक रात्र १,४०० रुपये देते. १६० रात्री भरल्या तर शिल्लक ६२,०००, तीही काकींचं पूर्ण मानधन देऊन.

जास्तीच्या ४० रात्री कशा भरायच्या, ही गटचर्चा. आमच्या वर्गातून आलेल्या सूचना अशा : ओळखीतून येणाऱ्यांना थेट बुकिंग द्यावं, म्हणजे कमिशन वाचेल. आठवड्याच्या मधल्या वारी दर कमी ठेवावा. घरून काम करणाऱ्यांसाठी चांगलं इंटरनेट घ्यावं. दुपारचं आणि रात्रीचं जेवण काकींनी करावं आणि त्याचे पैसे पूर्ण त्यांचेच असावेत. शेवटची सूचना मला फार आवडली. काकींची कमाई वाढते आणि पाहुण्यांना सोलकढीसह घरचं जेवण मिळतं.

एका मुलीने विचारलं, "काकींनी स्वतःच्याच घरात खोल्या काढल्या तर?" तिला राज्याच्या पर्यटन विभागाच्या 'आई' धोरणाची माहिती दिली. महिलांच्या मालकीच्या आणि त्यांनीच चालवलेल्या पर्यटन व्यवसायांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत त्यात मिळतो.

५. वर्गात घेताना

चार तासिका पुरतात. पहिली कागदांची, दुसरी घड्याळाची, तिसरी हिशोबाची, चौथी लेखनाची. लेखनात दोन कामं द्यावीत. एक, पाहुण्यांसाठी दहा ओळींचा सूचनाफलक, म्हणजे विहिरीजवळ काळजी, पाणी जपून, देवघराचा मान. दुसरं, मालक आणि घर सांभाळणाऱ्या व्यक्तीमधला साधा करार. त्यात काम कोणतं, मानधन किती आणि कोणत्या तारखेला, पावसाळ्यात किती, सुट्टी कधी, दुरुस्तीसाठी किती पैसे न विचारता खर्च करता येतील, हे सगळं यावं.

एक काळजी जरूर घ्या. तुमच्या वर्गात अशा घरांत राबणाऱ्या आयांची मुलं असतील, आणि अशा घरांच्या मालकांची पुतणे-भाचरंही असतील. गावातल्या खऱ्या घराचं नाव घेऊ नका. आकडे 'समजा' म्हणूनच ठेवा. कुणाला कमीपणा वाटता कामा नये.

पालकांसाठी दोन शब्द

तुमच्यापैकी कुणी परदेशात असाल आणि गावचं घर उघडायचा विचार करत असाल, तर वरचा हिशोब सातवीतल्या मुलासोबत बसून करा. सनदी लेखापालाकडे जायचंच आहे, पण त्याआधी हा कच्चा कागद तयार असू द्या. आणि खर्चाच्या यादीत पहिली ओळ घर सांभाळणाऱ्या माणसाची लिहा. ती ओळ शेवटी लिहिली की काटछाट तिथूनच सुरू होते.

स्वाध्याय

१. भाडं २,५०० केलं आणि रात्री १०० भरल्या, तर वरच्याच खर्चात शिल्लक किती राहील? (कमिशन नव्याने काढा.)
२. काकींचं मानधन महिना १०,००० केलं, तर ना नफा ना तोट्यासाठी किती रात्री भरायला हव्यात?
३. तुमच्या गावातल्या एका बंद घराचं निरीक्षण करून, मालकाचं नाव न लिहिता, पावसाळ्याआधी आणि नंतर त्यात काय बदललं ते आठ ओळींत लिहा.
४. चर्चा करा : मालक घरात राहत नसेल तर पाहुण्यांनी 'यजमान' कोणाला म्हणावं, आणि का?