सिगालोवाद-सुत्तातील कुटुंबविचार : क्रियापदांच्या आधारे एक वाचन

बौद्ध धर्म हा मूलतः गृहत्यागाचा धर्म होय आणि म्हणून कुटुंबजीवनाविषयी तो उदासीन आहे, असा समज अभ्यासकांतही आढळतो. सिद्धार्थाचे महाभिनिष्क्रमण, भिक्षुसंघाची स्थापना व थेरीगाथेतील गृहमुक्तीचा आनंद यांमुळे त्यास बळकटी येते. परंतु गृहस्थाच्या नातेसंबंधांची व्यवस्थित मांडणी करणारे एक सुत्त पाली त्रिपिटकातच आहे. ते म्हणजे दीघनिकायातील ३१ वे, सिगालोवाद. अट्ठकथेत त्याला गृहस्थांचा विनय म्हटले आहे. त्यातील कर्तव्यांच्या याद्या परिचित आहेत. त्या याद्यांची वाक्यरचनाही तितकीच बोलकी आहे.

सिगाल नावाचा गृहपतिपुत्र राजगृहाबाहेर ओल्या वस्त्रांनी व ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत असतो. पित्याने मृत्युसमयी त्याला तसे सांगितलेले असते. बुद्ध या आचाराचा निषेध करीत नाही. त्याचा अर्थ पालटतो. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, अधोदिशा म्हणजे दास व कामकरी आणि ऊर्ध्वदिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. पूजेचे स्थान आकाशातून माणसांच्या परस्परसंबंधांत येते.

प्रत्येक संबंधाची मांडणी दुहेरी आहे. पहिल्या बाजूस ‘पच्चुपट्ठातब्ब’ हे विध्यर्थी रूप येते. सेवा, आदर, सांभाळ या तिन्ही छटा त्यात आहेत. यातील ‘-तब्ब’ आणि मराठी ‘करावे’मधील ‘-आवे’ या दोहोंचे मूळ संस्कृत ‘-तव्य’ हेच होय. दुसऱ्या बाजूस मात्र विध्यर्थ नाही. तेथे ‘अनुकम्पति’ हा साधा वर्तमानकाळ आहे. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, व्यभिचार करू नये, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, अलंकार द्यावेत; अशी वागणूक मिळालेली पत्नी कामे नीट करते, परिजनांना सांभाळते, एकनिष्ठ राहते, मिळवलेले धन राखते व सर्व कामांत दक्ष असते. आज्ञापालन असा शब्द या यादीत नाही.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की विध्यर्थ सर्वत्र ऐकणाऱ्याच्याच वाट्याला येतो. मातापित्यांपुढे सिगाल पुत्र आहे, पत्नीपुढे पती आणि कामकऱ्यांपुढे धनी. प्रत्येक ठिकाणी आरंभ त्यानेच करावयाचा आहे. समोरच्याचे वर्तन हे फळ म्हणून सांगितले आहे. हक्काने वसूल करावयाचे देणे म्हणून नव्हे. दुसरी अधिक लक्षणीय आहे. अनुकंपा ही सामान्यतः थोराकडून लहानाकडे वाहते असे मानले जाते. येथे मातापिता व श्रमण यांच्याकरिता जे क्रियापद योजले आहे, तेच पत्नी आणि दास यांच्याकरिताही आहे. धन्याने शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुटी द्यावी. मग कामकरी धन्यावर ‘अनुकंपा’ करतात. श्रेणी टिकते, पण करुणेची दिशा एकेरी राहत नाही.

या विचाराच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. दास्य ही संस्था सुत्त गृहीतच धरते. पत्नीशी त्यात थेट संवाद नाही. उलट अंगुत्तरनिकायात अनाथपिंडिकाची सून सुजाता हिला भार्येचे सात प्रकार सांगितले जातात, तेव्हा ती दासीसमान भार्या होण्याचे पत्करते. पत्नीला उद्देशून बोलताना परंपरेचा सूर असा बदलतो. म्हणून सिगालोवादाला आधुनिक समतेचा जाहीरनामा म्हणता येणार नाही.

तथापि त्यातील बीज उत्तरकाळी उपयोगी पडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयाला स्वतंत्र स्थान आहे. मुले, शिष्य, पतिपत्नी, धनी व सेवक यांच्याविषयीचा हाच उपदेश तेथे नवदीक्षित समाजासमोर ठेवलेला आहे. जन्मसिद्ध श्रेणी नाकारून बाहेर पडलेल्या समाजाला घर नव्याने उभारावयाचे होते. त्या घराचा पाया वागणुकीवर घालता येतो, हे सांगणारा प्राचीन आधार त्याला या सुत्तात मिळाला. गृहत्यागाच्या धर्माने गृहस्थाला दिलेले हे देणे कमी लेखता येत नाही.