तेल-तूप की भात-पोळी? वजन आणि चयापचय यांचा ताळेबंद

आमच्या आहार विभागात येणारे रुग्ण व त्यांचे आप्त एक प्रश्न हमखास विचारतात : "तेल-तूप बंद करू, की भात-पोळी?" प्रश्न साधा वाटतो; परंतु त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि चुकीच्या उत्तराची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. तेल-तूप कटाक्षाने वर्ज्य करून दोन्ही वेळा भरपूर भात खाणारा मधुमेही वाढलेली साखर घेऊन परत येतो. उलट, ऐकीव माहितीवरून भात-पोळी एकाएकी सोडणारा, पण इन्शुलिनची मात्रा तीच ठेवणारा रुग्ण रक्तातील साखर उतरल्यामुळे अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणूनच या विषयाची मूलभूत माहिती आमच्या हितचिंतकांपुढे व रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

अन्नाचे शरीरात काय होते?

तांदूळ, गहू, ज्वारी, बटाटा, साखर यांतून आपणांस मुख्यत्वे कर्बोदके मिळतात. पचनानंतर त्यांची ग्लुकोज ही साखर बनते व ती रक्तात उतरते. तिला पेशींत पोहोचवण्यासाठी स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. तत्काळ न लागणारे ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने साठवले जाते. पण ही कोठी लहान असते. प्रौढ माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम, तर स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. कोठी भरलेली असूनही आवक चालूच राहिली, तर यकृत अतिरिक्त साखरेच्या काही भागाचे मेदात रूपांतर करते. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढणे आणि यकृतावर चरबी साचणे यांमागे हे एक महत्त्वाचे कारण असते. शिवाय इन्शुलिनची पातळी उंच असेपर्यंत साठलेली चरबी बाहेर पडून खर्च होण्याचे काम मंदावते.

स्निग्ध पदार्थांची रीत निराळी आहे. एक ग्रॅम कर्बोदकातून अथवा प्रथिनातून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. तेला-तुपाने रक्तातील साखर लगेच वाढत नाही आणि जेवण पोटात अधिक वेळ टिकते. पण गरजेपेक्षा जास्त झालेले तेल फारसे कष्ट न घेता चरबीच्या साठ्यात जमा होते. असे असले, तरी ते शत्रू नव्हे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठी स्निग्धांश लागतोच, आणि शरीराला स्वतः तयार न करता येणारी काही मेदाम्लेही त्यातूनच मिळतात.

जगाचा अनुभव

या वादाचा लंबक अनेक दशके इकडून तिकडे झुलत आला आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांतील लोकांचा जो अभ्यास सुरू केला, त्यातून संपृक्त मेद आणि हृदयविकार यांच्या संबंधाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. पुढे 'चरबी कमी करा' हा सल्ला सर्वत्र पोहोचला. परंतु बाजारात आलेल्या अनेक 'कमी चरबीच्या' पदार्थांत चरबीची जागा साखरेने व मैद्याने घेतली. त्यानंतर उलट लाट आली आणि भात-पाव हेच अपराधी ठरले.

२०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांवरील वर्षभराच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने कर्बोदके. साखर व मैदा टाळावा आणि भाज्या भरपूर खाव्यात, हा सल्ला मात्र दोन्ही गटांना होता. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने, तर दुसऱ्याचे ६ किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर नगण्य ठरला. प्रत्येक गटात काहींचे वजन पुष्कळ उतरले, तर काहींचे वाढलेही. यावरून बोध असा, की सर्वांना लागू पडणारा एकच मार्ग नाही. निकृष्ट अन्न टाळणे आणि निवडलेला मार्ग टिकवणे यांचे महत्त्व अधिक आहे.

आपल्या देहाचे वेगळेपण

केवळ वजनकाट्यावर विसंबणे आपल्याला परवडणारे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. पण शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातही असे दिसले, की आपली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने पुष्कळ लहान असतात. स्नायू कमी असतात, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, हे चित्र म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगे नाही. पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा लक्षात ठेवावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे.

आपले ताट

याच सर्वेक्षणावर आधारित २०२५ मधील आहारविषयक अहवालात असे आढळले, की भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. यांतील एक निष्कर्ष विशेष मननीय आहे. पांढऱ्या भाताऐवजी गहू वा भरडधान्य घेतले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच राहिले, तर मधुमेहाचा संभव कमी झालेला दिसला नाही. मात्र कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्ये किंवा दूध-दही यांतील प्रथिनांनी घेतला, तर तो कमी आढळला. 'भात सोडला, आता चार भाकऱ्या खातो' असे समाधानाने सांगणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

तेलाचा हिशेबही घरीच करता येतो. चौघांच्या कुटुंबात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३४० उष्मांक होतात. दाणे, खोबरे, तूप आणि बाहेरचे तळण यांत धरलेले नाही.

दोन्ही दोष एकत्र पाहावयाचे असतील, तर उपवासाचे ताट पाहावे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप व दाण्याचे कूट मिसळते आणि सोबत बटाटा येतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. उपवास करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. दही, ताक, राजगिरा आणि फळे यांनीही तो निष्ठेने पाळता येतो.

घरी काय करावे?

१. निम्मे ताट पालेभाज्या, फळभाज्या व कोशिंबिरीने भरावे. बटाट्याची गणना भाजीत न करता भात-पोळीत करावी.
२. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, दही, आणि चालत असल्यास अंडे वा मासे असावेत.
३. भात व पोळी दोन्ही पोटभर न घेता मिळून एकाचाच वाटा घ्यावा.
४. महिन्याचे तेल मोजून आणावे. तळणीचे तेल पुनःपुन्हा तापवू नये.
५. सरबत, फळांचा रस, बिस्किटे व चहातील साखर यांचा हिशेब जेवणाइतकाच काटेकोर ठेवावा.
६. इन्शुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना आहारात मोठा बदल करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

एक विनंती

आप्तांच्या वाढदिवशी अथवा स्मृतिदिनी रुग्णांना खाऊ वाटण्याची आमच्या दात्यांची परंपरा जुनी आहे, आणि त्यामागील भावनेबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. परंतु बिस्किटे, शिरा अथवा पेढे ज्या हातांत पडतात, त्यांतील कित्येक हात मधुमेह्यांचे असतात. समोर आलेला प्रसाद नाकारणे त्यांच्या जिवावर येते आणि स्वीकारणे अंगाशी येते. त्याऐवजी मुगाची उसळ, भाजलेले चणे, बिनसाखरेचे दूध, ताक अथवा मोसमी फळे यांचा विचार व्हावा, आणि वाटपापूर्वी आहार विभागाशी एकदा बोलून घ्यावे, ही नम्र विनंती. कोणाला काय चालेल, हे आम्ही आनंदाने सांगू. दान तेच राहील. ते रुग्णाच्या अंगी लागेल, एवढाच फरक पडेल.