‘स्क्वेअर’ शब्दाची जागा

जमिनीच्या कागदांत ‘स्क्वेअर’ हे इंग्रजी विशेषण वारंवार येते. मराठीत त्याबद्दल ‘चौरस’ लिहितात, व तेथवर काही बिघडत नाही. बिघडते ते वाक्यात त्याची जागा बदलली म्हणजे.

‘फीट’च्या आधी ‘स्क्वेअर’ आला तर ते क्षेत्रफळाचे माप होय. मागाहून आला तर ती आकृती, आणि आकडा तिच्या एका बाजूचा. ‘33 फीट स्क्वेअर’ म्हणजे 33 फूट औरसचौरस, अर्थात 1089 चौरस फूट, आपला एक गुंठा. ‘33 स्क्वेअर फीट’ म्हणजे पुरता अर्धा आणाही नव्हे. एक बाज टाकली की संपले.

येथे छावणीत आमच्याकडे एक कास्तकार इसाराचा मसुदा वाचून घेण्यास आले होते. मूळ इंग्रजी कागदात विहिरीची जागा ‘50 फीट स्क्वेअर’ होती. लिहिणाराने तिचे ‘50 चौरस फूट’ केले. सव्वादोन गुंठ्यांहून अधिक, म्हणजे 2500 चौरस फुटांची जागा एका आण्याच्या आत येऊन बसली! 20 फूट व्यासाच्या विहिरीचे नुसते तोंडच 314 चौरस फूट भरते. सही व्हावयाची होती, म्हणून निभावले.

आता आकृतीविषयी. ‘स्क्वेअर’ आकृतीस चारही बाजू सारख्या असून भागत नाही, कोपरे काटकोनात लागतात; गवंड्याच्या गुण्यासही इंग्रजीत हाच शब्द आहे. 66 फुटांच्या चार बाजूंचा तुकडा सरळ असेल तर 4 गुंठे. तोच एका अंगास कलून समोरासमोरच्या बांधांतील सरळ अंतर 60 फूट राहिले, तर 3 गुंठे 10 आणेच उरतात. कोपऱ्यापासून एका बांधावर 30 व दुसऱ्यावर 40 फुटांवर खुंटी ठोकावी. दोहोंमधील दोरी 50 फूट भरली तर कोपरा सरळ समजावा.

उलट क्षेत्रफळाच्या ‘स्क्वेअर’ला आकाराची पर्वा नाही. 11 फूट रुंद व 99 फूट लांब पट्टी हीदेखील 1089 चौरस फूटच! अशा गुंठ्यावर घर बांधू पाहणाराने काय करावे?

मीटरातही घोटाळा तोच: ‘10 मीटर चौरस’ म्हणजे सातबारावरील एक आर, ‘10 चौरस मीटर’ म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. आम्हांस विचाराल तर केवळ ‘चौरस’वर विसंबू नये, चारही बाजूंची लांबी, एकूण क्षेत्र व चतुःसीमा वेगवेगळ्या लिहवून घेऊन मगच इसाराची रक्कम मोजावी.